वेस्टकॉटची तुळई

प्रिय,

मॉडेल रेल्वेच्या रुळांचा नकाशा तयार आहे, आता प्लायचं सपाट टेबल ठोकून घेऊ का, असं तू विचारलंस. थोडं थांब आणि आधी लिन वेस्टकॉट यांचं काम समजून घे. तेव्हा अमेरिकेतल्या मिलवॉकीहून निघणाऱ्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे ते १९६१ ते १९७७ संपादक होते. १९८० मध्ये गेले. त्यांनी या छंदाला खूप काही दिलं, पण माझ्या मते सगळ्यात मोठं देणं म्हणजे टेबलाच्या सांगाड्यासाठी 'एल' आकाराची तुळई. नकाशा बदलणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

ती अशी कर. १८-२० मिमी जाडीची, ९० मिमी रुंदीची फळी उभी धर. तिच्या वरच्या कडेवर ४० मिमीची पट्टी आडवी ठेव, एका बाजूला ओठासारखी बाहेर आलेली. इथे फेविकॉल आणि दर २५ सेंमीवर स्क्रू, दोन्ही हवेत. आधी छिद्र पाडून घे, नाहीतर पट्टी चिरते. ८ फुटी तुळईला पाय टोकांना न देता दोन्हीकडून साधारण पाचवा भाग, म्हणजे ४८-५० सेंमी आत दे. मधला झोल कमी होतो.

दोन तुळयांवर आडव्या फळ्या दर ४० सेंमीवर टाक. यांना फेविकॉल लावायचा नाही. स्क्रू त्या ओठातून, खालून वर. पुढे सांध्याची (गाडीचा रूळ बदलणारी) मोटर नेमकी आडव्या फळीवर आली, तर चार स्क्रू काढून फळी १० सेंमी सरकवता येते, वरचा डोंगर न फोडता. फळ्यांची टोकं कमी-जास्त असली तरी चालतं, त्यामुळे कडा हवी तशी वळवता येते. सुतारासारखा गुण्यात (काटकोनात) बसणारा चौकोन जमायलाच हवा, ही अटही गेली.

आडव्या फळ्यांवर उभे ठोकळे आणि त्यांच्या माथ्याला बाजूने एक छोटा आडवा ठोकळा. ज्यावर रूळ बसतात तो १२ मिमी प्लायचा मार्ग त्या छोट्या ठोकळ्यातून, पुन्हा खालूनच कसायचा. बहुतेकांची चूक इथेच होते: वरून स्क्रू मारला की तो रुळाखाली गाडला जातो आणि चढ दुरुस्त करता येत नाही. आधी शिकंजा (क्लॅम्प) लावून पाणसळीने चढ बघ, गाडी चालवून बघ, मग स्क्रू.

एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा, तर एचओमध्ये (१:८७ प्रमाणात) खालच्या रुळावर ७५ मिमी मोकळी जागा लागते. त्यात वरचा प्लाय आणि रुळाखालचा थर धरला की चढाई ९५ मिमीच्या आसपास जाते. २ टक्क्यांनी त्याला पावणेपाच मीटर लागतील, शिवाय चढाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा हलका बाक वेगळा. तिथे प्लायचा जोड देऊ नकोस. सलग प्लाय आपोआप वाकतो. जोड असला की खाच पडते आणि डबे जोडणारे कपलर सुटतात.

आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून प्लायच्या कापलेल्या कडा रंगवून बंद कर आणि रुळांच्या जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेव.

डोंगराचं कवचही वेस्टकॉट यांच्याच पद्धतीने कर: पेपर टॉवेल पातळ प्लास्टरमध्ये बुडवून चुरगळलेल्या वर्तमानपत्रांवर पसरायचे, वाळल्यावर खालचा कागद काढून घ्यायचा. आपलं पीओपी ठिसूळ असतं, तेव्हा दोन थर दे. कालवतानाच त्यात मातकट रंगाची पूड घाल, म्हणजे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही.

प्लाय कापण्याआधी तुळयांचा फोटो पाठव.

तुझा,
काका