संगत सोडल्यावरचे रविवार

कोल्हापूर

प्रिय मुली,

तुझी चिठ्ठी मिळाली. त्या ख्रिस्ती संगतीतून बाहेर पडून पाच आठवडे झाले आणि अजून रविवारी सकाळी दहा वाजले की पोटात गोळा येतो, असं लिहिलंस. शेवटच्या ओळीत विचारलंस, ‘आता मी विश्वास ठेवायचा की नाही?’ याचं उत्तर मी देणार नाही. तूही या वर्षात नाही दिलंस तरी चालेल. उत्तर आजच्या आज, उभ्या उभ्या हवं, ही सवय तिथली आहे. त्याआधी बरंच काही तुझ्या हातात परत यायचंय: झोप, जेवण, पगार, फोन, औषध, सुट्टी. यातलं एकेक आजवर ‘आच्छादना’ला, म्हणजे तुझ्यावर अधिकार सांगणाऱ्या तिथल्या पुढाऱ्यांना, विचारून ठरत होतं. देवाचा विषय शेवटी घे. तो थांबेल.

आधी फोन. तिथल्या ग्रूपमधून बाहेर पडण्याअगोदर लागेल तो मजकूर काढून घे. पैसे भरल्याच्या नोंदी, ‘बाहेर गेलीस तर’ अशी सुरुवात असलेल्या भविष्यवाण्या, औषध सोड म्हणून सांगणारे आवाजी निरोप, सगळं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून स्वतःच्या ईमेलवर पाठव. मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघड. तिथल्या ‘बहिणीं’च्या खोलीतल्या लॅपटॉपवर तुझं खातं अजून चालू असेल, तर ते तिथून काढ. ईमेलचा पासवर्ड बदलताना रिकव्हरीसाठी कुणाचा नंबर दिलाय, ते बघायला बहुतेक जणी विसरतात, आणि नवा पासवर्डही आठवड्याभरात दुसऱ्याच्या हाती जातो. यूपीआयवर दरमहा आपोआप जाणारं अर्पण ‘ऑटोपे’मध्ये जाऊन रद्द कर. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं, तर बँकेला दिलेली परवानगी तशीच राहते. मूळ कागद ‘सुरक्षित ठेवायला’ दिले असतील, तर ते लेखी माग. नाही मिळाले तर आधार आणि पॅन पुन्हा छापून मिळतात, मार्कशीटची दुय्यम प्रत बोर्ड किंवा विद्यापीठ देतं. कागदांसाठी त्या घरात एकटी जाऊ नकोस.

‘येत नाही’ हे एकदाच कळव, दोन ओळींत: ‘या महिन्यापासून मी संगतीला येणार नाही. मला भेटायला खोलीवर किंवा कामावर येऊ नये.’ बस. कारण लिहू नकोस. इथंच बहुतेकांचं चुकतं. सभ्यपणानं चार कारणं लिहितात, आणि मग प्रत्येक कारणाला उत्तर घेऊन दोघं जण दारात उभे. वेळ दमल्याभागल्या संध्याकाळची, हातात डबा, डोळ्यांत पाणी. ते पाणी खरंही असेल, पण म्हणून दार उघडावं लागत नाही. भेटायचंच ठरवलंस, तर रंकाळ्याच्या काठी उजेडात, सोबत कुणाला तरी घेऊन, अर्धाच तास. ‘जाताना प्रार्थना करूया’ म्हणत डोक्यावर हात ठेवायला आले, तर ‘नको’ म्हण आणि एक पाऊल मागं हो.

आता पैसा. तुझ्या आकड्यांवरूनच हिशेब मांडते. पगार १८,००० रुपये. दशांश १,८००, चार रविवारचं अर्पण ४००, इमारत निधी ५००, पाहुण्या सेवकासाठी ३००. झाले ३,०००. म्हणजे बोलायला दहावा हिस्सा, जात होता सहावा. हे ३,००० पुढचे सहा महिने वेगळ्या खात्यात टाक, १८,००० जमतील. एका पगाराएवढी रक्कम गाठीला असली, की नोकरी गेली किंवा खोली सोडावी लागली तरी ‘परत या, आम्ही आहोत’ या निरोपापुढं माणूस वाकत नाही. पहिल्याच महिन्यात सगळे उडवणाऱ्याही असतात. दोन ड्रेस घे, त्याला माझी ना नाही. पण सगळे नको.

जामिनकीची गोष्ट तू ओझरती लिहिलीस, मला मात्र तीच जड वाटते. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था, आणि ‘भाऊ’च्या कर्जाला सही करणं म्हणजे सेवाच, असं सांगितलेलं. संगत सोडली म्हणून जामिनकी सुटत नाही. संस्थेत जाऊन त्या कर्जखात्याचा उतारा माग, हप्ते थकलेत का बघ, तुझा बदललेला पत्ता लेखी देऊन पोच घे. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तर तुला कळणारही नाही. आईचं सोनं कुणाकडं ठेवायला दिलं असशील किंवा उसने दिले असतील, तर तो विषय अर्पणापेक्षा वेगळा. खुशीनं दिलेलं अर्पण परत मिळणं अवघड. उसन्या पैशाच्या वसुलीला मात्र साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा ‘बघू नंतर’ म्हणू नकोस. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

औषधाचं सरळ सांगते. विश्वासानं गोळ्या बंद केल्या होत्यास. आता उरलेली पट्टी काढून स्वतःच सुरू करू नकोस. फिट्सच्या काही गोळ्या खंड पडल्यावर जुन्या मात्रेत एकदम घ्यायच्या नसतात, कमी मात्रेपासून चढवत न्याव्या लागतात. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत जा, कधीपासून बंद आहे ती तारीख सांग. का बंद केली हे सांगायची लाज वाटली, तर ‘मधे थांबवली होती’ एवढंच म्हण, डॉक्टरांना तेवढं पुरतं. रात्रभर प्रार्थना आणि आठवड्याला दोन-दोन उपास यांतून झोपेची आणि भुकेची घडी मोडते, ती बसायला एकदोन महिने सहज जातात. तीन वेळा जेव, भूक नसली तरी. सुरुवात भाकरी-आमटीनं कर, पहिल्याच दिवशी तांबड्या रश्शावर नको. झोप लागतच नाही, जीव नकोसा वाटतो, असं झालं तर १४४१६ वर फोन लाव. सरकारची टेली मानस सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि भीती. ‘बाहेर गेलीस तर संरक्षण उठेल’ हे वाक्य तुझ्या कानात बसलंय, ते समजावून जात नाही. येत्या वर्षभरात काहीतरी वाईट होणारच. पावसाळ्यात गाडी घसरेल, घरात कुणी आजारी पडेल, एखादी परीक्षा हुकेल. वर्षभरात कुणाचंही काही ना काही होतंच. त्या दिवशी ते वाक्य धावत येईल. त्यासाठी आतापासून वही कर. एका पानावर आत असतानाच्या चार वर्षांत तुझ्यावर आणि तिथल्या इतरांवर काय काय आलं, ते तारखेसकट आठवेल तसं लिही: डेंगू, गर्भपात, बुडालेला धंदा, अपघात. समोरच्या पानावर बाहेर पडल्यानंतरचं. मग बघ, तोच ताप आत आला की ‘परीक्षा’ आणि बाहेर आला की ‘शिक्षा’. ताप तोच, नाव बदललं. हे डोक्यात समजून भागत नाही, कागदावर दोन पानं शेजारी शेजारी दिसावी लागतात.

कधी असंही होईल की बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर ते गाणं वाजेल आणि क्षणात तू परत त्या हॉलमध्ये असशील, हात वर, रडू फुटलेलं. घाबरू नकोस, ही ‘ओढ’ म्हणजे बोलावणं नव्हे. तेच सूर, तीच थकवणारी वेळ आणि तीच गर्दी वर्षानुवर्षं एकत्र आली, की शरीर ते पाठ करतं. आजची तारीख मोठ्यानं म्हण, कुठल्या स्टॉपवर आहेस ते म्हण, पायाखालची जमीन दाबून बघ. दोन-तीन मिनिटांत ओसरतं. वहीत लिहून ठेव, कशानं झालं. महिन्याभरात तुझी तुला यादी मिळेल.

पवित्र शास्त्राचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण उशाशी आहे आणि उघडवत नाही, असं लिहिलंस. नको उघडू. ओळ वाचली की त्यांच्याच आवाजात ऐकू येत असेल, तर काही महिने बंद राहू दे. उघडशील तेव्हा सुटं वचन वाचू नकोस, अख्खा अध्याय वाच, कारण तुला बांधलं होतं ते सुट्या वचनांनी. ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे पास्टरला प्रश्न विचारू नये म्हणून सांगायचे ना? स्तोत्र १०५ पूर्ण वाच. तिथं ते राजांना बजावलंय, परक्या मुलखात भटकणाऱ्या मूठभर लोकांना छळू नका म्हणून. बळ असलेल्याला दिलेली ताकीद बळ नसलेल्यावर उलटवली. दावीदाचं उदाहरण देतात तेही असंच. त्यानं जिवावर उठलेल्या शौल राजावर हात उचलला नाही, खरं. पण १ शमुवेल २४ मध्ये तो शौलाच्याच झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याला सगळ्यांसमोर जाब विचारतो. आणि भाला फेकणाऱ्याच्या पंगतीत परत जाऊन बसत नाही.

दशांशाचंही तेच. मलाखी ३:१० (‘सगळा दशांश भांडारात आणा’) पाठ करून घेतात, पण त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवात याजकांना झापून होते, ती कुणी वाचून दाखवत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात १४:२२ पासून पुढं वाच. दशांश देणाऱ्यानं घरच्यांसह देवापुढं बसून आनंदानं खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी गावात ठेवायचा. इमारत निधी त्यात मला तरी सापडला नाही.

प्रसादाचा आणि गुलालाचा प्रश्न कोल्हापुरात रोजचा. शेजारीण ज्योतिबाचा प्रसाद घेऊन आली की आजवर तू दार लोटून घेत होतीस. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात या विषयावर बरंच लिहिलंय: बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, कुणी मुद्दाम ‘हे नैवेद्याचं’ म्हणून सांगितलं तर त्याच्या मनासाठी थांब. म्हणजे त्यालाही एका वाक्यात नियम करता आला नाही. तू घे, नाहीतर ‘आज नको, मावशी’ म्हण, दोन्ही चालतं. पण त्या बाईकडं बघून हस. चार वर्षं ती तुझ्याशी बोलायला बघतेय.

आपल्या भाषेत या वाटेनं जाणारी तू पहिली नाहीस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि तिथल्याच मठातल्या गुरुभगिनींशी त्यांचा पत्रांतून वाद झाला, की माझ्या सदसद्विवेकाचा ताबा मी कुणाला देणार नाही. पुढं त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. रेव्हरंड टिळक १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही. दोघंही ख्रिस्ती राहिले. तू राहावंस असा याचा अर्थ नाही. ‘आमच्या बाहेर ख्रिस्त नाही’ हे मात्र खोटं.

पुढंमागं एखाद्या मंडळीत जावंसं वाटलं, तर शहरात १८५२ पासूनची मिशनची परंपरा आहे, जुनी चर्च आहेत. तीन वेगवेगळ्या ठिकाणी जा, मागच्या बाकावर बस, नंबर देऊ नकोस, वर्षभर कुठलंही काम अंगावर घेऊ नकोस. तीन गोष्टी विचार. वार्षिक सभेत जमाखर्च वाचतात का? पाळकांना बदलायचं झालं तर कोण बदलतं? तीन रविवार आलं नाही तर चौकशी होते की झडती? जुन्या मंडळ्यांत भांडणं असतात, जागेवरून, निवडणुकीवरून, कोर्टापर्यंत जातात. पण ती भांडणं तुला पहिल्याच चहाला ऐकायला मिळतील. जिथं चार वर्षांत एकही भांडण कानावर आलं नाही, तिथून तू आलीयस.

आणखी एक. तुझ्या बाहेर पडण्याचा कुणाला तरी उपयोग होईल. कुणी म्हणेल स्टेजवर ये, सांग कसं फसवलं. शालही देतील. एका माइकवरून ‘साक्ष’ देऊन आलीस, दुसऱ्या माइकवर जायची घाई नको. तक्रार करण्यासारखं घडलं असेल, तर त्याला पोलीस आहेत, वकील आहेत. घरच्यांनी शुद्धीसाठी काही करायचं काढलं, तर ‘एवढ्यात काहीच नको’ हे त्यांनाही सांगता येतं. आईला मात्र फोन कर. माफीचं भाषण नको, ‘रविवारी जेवायला येऊ का’ एवढं पुरे.

आत राहिलेल्या मैत्रिणीशी वाद घालू नकोस. वाढदिवसाला दोन ओळी पाठव, उत्तर येणार नाही, तरी पुढच्या वर्षी पाठव. तिला बाहेर यावंसं वाटेल त्या दिवशी एक नंबर आठवायला हवा.

रविवारचे दहा ते एक हे तीन तास रिकामे ठेवू नकोस, पहिले दोन-तीन महिने तर नाहीच. पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिऊन ये, बाजार कर, सीझन असेल तर दुपारी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघ. पेठेच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडायला कुणाची परवानगी लागत नाही. एखाद्या रविवारी नुसती झोपून राहिलीस तरी चालतं.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा पासबुक भरून आण, त्या कर्जखात्याचा उतारा आण आणि गोळ्यांची जुनी चिठ्ठी असेल तर तीही. दुपारी चारनंतर ये.

तुझी,
मावशी