अल्झायमर झालेल्या माणसाचं जगणं खरंखुरं दाखवणारा मराठी सिनेमा कोणता?

माझं उत्तर: ‘अस्तु’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) विस्मृतीत हरवत जातात. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा खाली उतरते, रस्त्यावर हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे ते त्याच्यामागे चालू लागतात.

पुढे त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. ती कन्नड बोलते, शास्त्रींना तिच्यात आई दिसते. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्हा सोलापूरकरांना तिची भाषा परकी वाटत नाही. निम्म्या गल्लीत तीच ऐकू येते.

माझे आजोबा गिरणी कामगार. शेवटच्या वर्षांत सकाळी जेवले की नाही ते आठवायचं नाही, पण कधीच बंद पडलेल्या गिरणीची पाळी चुकेल म्हणून पहाटे उठून चप्पल शोधायचे. या आजारात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ टिकतात. आम्ही समजवायचो, “अहो आजोबा, गिरणी बंद झाली!” ते दर वेळी नव्यानं हादरायचे. सिनेमातली ती बाई असं काही समजवत बसत नाही, खाऊ घालते, जवळ घेते. ते पाहून मी आईला म्हटलं, आता आजोबांना नुसतं “आज सुट्टी आहे” असं सांगू. त्या पहाटे ते परत झोपले.

घरात असा रुग्ण असेल तर सिनेमा एकट्यानं पाहू नका, सगळ्यांनी मिळून पाहा.