नॅपी रॅश हटत नाही? ट्यूब बदलण्याआधी लाली कुठे आहे ते पाहा

पावसाळा लागला की या सदराकडे नॅपी रॅशचे प्रश्न वाढतात. महिन्याच्या आतबाहेरचं बाळ, लालबुंद झालेलं बूड आणि घरात जमलेल्या चार ट्यूबा. बहुतेकांना पाचव्या ट्यूबचं नाव हवं असतं. ते इथे मिळणार नाही. रॅश कशामुळे आला हे कळलं तर साधं क्रीमही पुरतं, आणि नाही कळलं तर महागातलं क्रीमही वाया जातं. पुन्हा पुन्हा येणारे काही प्रश्न म्हणून एकत्र घेतले आहेत. उत्तरं बाळाला न पाहता दिलेली आहेत, त्यामुळे ती तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न: मुलगी २४ दिवसांची आहे. दोन आठवडे झाले, बूड लालच. डायपर वेळेवर बदलतो, झिंकचं क्रीम लावतो. थोडं बरं वाटतं, पुन्हा उफाळतं. नेमकं कारण शोधायचं कसं? (भांडुप)

उत्तर: बाळाला खिडकीशी, दिवसाच्या उजेडात उताणं झोपवा. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने जुनं क्रीम हलकेच काढा आणि जांघेची घडी बोटांनी उघडून आत पाहा. ट्यूबलाइटखाली लालीच्या छटा ओळखू येत नाहीत आणि घडी न उघडता तर काहीच कळत नाही.

लाली कुल्ल्यांच्या फुगीर भागावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला असेल, पण घडीच्या आतली कातडी स्वच्छ असेल, तर ती ओल आणि घर्षणाने आलेली आहे. शू आणि शी एकत्र साचली की युरियापासून अमोनिया बनतो, कातडीची नैसर्गिक आम्लता कमी होते आणि शीतली पाचक द्रव्यं कातडी पोखरायला लागतात. घडीत हे सगळं कमी पोचतं, म्हणून घडी वाचते. उलट लाली घडीच्या आतच जास्त गडद असेल, तिच्या कडा ठळक असतील आणि थोड्या अंतरावर सुटे लाल ठिपके किंवा बारीक पुळ्या दिसत असतील, तर बुरशीचा, म्हणजे कँडिडाचा संशय घ्यायचा. साध्या रॅशला तीन दिवसांहून जास्त झाले की त्यावर बुरशी चढणं नेहमीचंच आहे. झिंकने थोडं बरं वाटून पुन्हा उफाळणं हेही त्यात बसतं, आणि तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तोच आहे.

गुदद्वाराभोवतीच लाल कडं असेल तर शीकडे लक्ष द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत दर दुधानंतर शी होणं, दिवसाला आठ-दहा वेळा होणं, यात आजार काही नाही. शी पाण्यासारखी असेल, तीत रक्त किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ असेल, किंवा बाळाचं वजन वाढत नसेल (या वयात दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढायला हवं), तर प्रश्न कातडीचा उरत नाही, पोटाचा होतो. कमरेच्या इलॅस्टिकखाली आणि डायपरच्या चिकटपट्टीजवळच पट्टा उमटला असेल तर डायपरच्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असू शकते. घडीत लाली आणि सोबत टाळूवर पिवळसर तेलकट खपल्या दिसल्या तर तो आणखी वेगळा त्वचारोग, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. तो बहुधा आपोआप ओसरतो. मालिशचं तेल आणि डाळीच्या पिठाचे कणही घडीत अडकून राहतात आणि कातडी सोलवटतात. तेवढं एक कारण आजच बंद करता येईल.

आता लावण्याची पद्धत. बूड टिपून कोरडं करा, चोळू नका. दहा मिनिटं उघडं ठेवा. मग १० ते ४० टक्के झिंक ऑक्साइड असलेलं क्रीम लावा, तेही भाकरीवर लोणी थापतात तसं जाड, खालची कातडी दिसणार नाही इतकं. पुढच्या वेळी फक्त मळलेला वरचा थर टिपायचा. पांढरा थर दर वेळी खरवडून काढला की नव्याने आलेली कातडीही त्यासोबत निघते, आणि रॅश न हटण्याचं हेच कारण अनेक घरांत असतं. हे सगळं नीट करून तीन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टर. तुमचे तीन दिवस कधीच उलटून गेले आहेत, तेव्हा याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, मी आंबट-तिखट खाते म्हणून बाळाची शी "गरम" होते आणि त्याने रॅश येतो. (लालबाग)

उत्तर: नाही. पोटभर आणि चौरस जेवा.

प्रश्न: पावडर कोणती चांगली? (विक्रोळी)

उत्तर: कुठलीच नको. ओलीत तिचे गोळे होऊन घडीत घासतात आणि उडणारी भुकटी बाळाच्या फुप्फुसात जाते. बोरिक ॲसिड असलेली पावडर तर विषारी आहे, ती घरात असेल तर टाकून द्या.

प्रश्न: कोपऱ्यावरच्या केमिस्टने एक ट्यूब दिली. "सगळ्यावर चालते," म्हणाला. दोन दिवसांत लाली गेली, थांबवल्यावर दुप्पट आली. आता महिना झाला, थांबवली की येते. बाळ अडीच महिन्यांचं. लावत राहू का? (कांदिवली)

उत्तर: या एका विषयावर मी लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

ट्यूब उजेडात धरा आणि बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टिरॉइडचं, म्हणजे दाह दाबणाऱ्या औषधाचं, नाव बहुतेक सापडेल. सोबत बुरशीचं एक औषध आणि एक प्रतिजैविक. हे तिहेरी मिश्रण मोठ्यांच्या गजकर्णावर सर्रास खपवलं जातं, तेही चूकच आहे, आणि तीच ट्यूब तान्ह्या बाळाच्या बुडाला लावली जाते. नावं ओळखीची वाटली नाहीत तर ट्यूबचा फोटो तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

स्टिरॉइड लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत जादू झाल्यासारखी वाटते. पण कातडीची संसर्गाशी लढण्याची ताकदही ते दाबतं. वरून रंग फिका पडतो आणि खाली बुरशी पसरत राहते. औषध थांबलं की ती उघडी पडते. म्हणून "थांबवली की येते". याला गुण आला असं म्हणत नाहीत, आजार झाकला गेला असं म्हणतात.

त्यात डायपर. ओल्या, गरम, बंद कातडीतून औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. घडीतली कातडी मुळातच पातळ. शिवाय वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच ते तीन पट असतं. क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल औषध, आणि ते आपण इथे दिवसातून तीनदा थापतो! परिणामी कातडी कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, फिके डाग किंवा जांभळट गाठी येतात. दीर्घकाळ वापरल्यास ते रक्तात उतरून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचं काम मंदावतं, चेहरा गोल सुजल्यासारखा होतो आणि वाढ खुंटते. गुबगुबीत गाल पाहून घरात कौतुक होतं, म्हणून हे लक्षण उशिरा कळतं.

केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक स्टिरॉइड क्रीमना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरी ती गल्लीबोळांत बिनचिठ्ठीची मिळतात. केमिस्ट बाळाची घडी उघडून पाहत नाही, वजन विचारत नाही, किती दिवस लावायचं ते सांगत नाही. "सगळ्यावर चालते" असं औषध नसतंच. कोणी असं म्हणालं की ट्यूब तिथेच ठेवून या. शेजारणीच्या नातवाला गुण आला, हेही कारण पुरेसं नाही. त्याचा रॅश वेगळा, तुमच्या बाळाचा वेगळा.

स्टिरॉइड कधीच नको, असं मी म्हणत नाही. काही दाहांत डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, पातळ थर, मोजके दिवस असं लिहून देतात. त्या चिठ्ठीवर दिवस लिहिलेले नसतील तर विचारून घ्या.

तुमच्यासाठी: महिनाभर वापर झाला आहे, म्हणून ट्यूब परस्पर बंदही करू नका आणि लावतही बसू नका. ती पिशवीत घालून उद्याच बाळाला बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. कशी थांबवायची ते तेच ठरवतील. बाळ सुस्त वाटलं, दूध पिईना किंवा उलट्या झाल्या तर उद्याची वाट न बघता आजच जा.

प्रश्न: बाळाला १० दिवस अँटिबायोटिक होतं. आता रॅश आहे आणि जीभही पांढरी दिसते. (मुलुंड)

उत्तर: ओल्या स्वच्छ कापडाने जीभ हलकेच पुसून पाहा. पांढरेपणा निघाला तर ते दूध. गालांच्या आतही चिकटून असेल आणि निघत नसेल तर तोंडातही बुरशी असण्याची शक्यता मोठी, कारण अँटिबायोटिकने तिला रोखणारे जिवाणू मारले. बुडाला बहुधा १ टक्का क्लोट्रिमाझोल दिलं जातं. ते आधी पातळ लावायचं आणि वरून झिंक, उलटं नाही. लाली गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. तोंडातलं औषध मात्र स्वतः आणू नका. घट्ट जेल लहान बाळाच्या घशात चिकटून श्वास अडकू शकतो. तुमची स्तनाग्रं दुखत किंवा जळजळत असतील तर तेही त्याच भेटीत सांगा. दोघांवर एकदम उपचार झाले नाहीत तर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते.

प्रश्न: लंगोट बरे की डायपर? पाकिटावर "१२ तास कोरडं" लिहिलेलं असतं. पावसात लंगोट वाळतही नाहीत. (दादर)

उत्तर: दोन्ही चालतील, बदलत राहिलात तर. ते १२ तास डायपर किती शू धरून ठेवतो त्याचे आहेत. शी झाली की तो त्याच क्षणी बदलायचा, शू असेल तर नवजात बाळाचा दर दोन-तीन तासांनी. दिवसाला ८ ते १२ बदल होतात. खर्च परवडत नसेल तर दिवसा लंगोट आणि रात्री डायपर, यात कमीपणा काही नाही. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी मात्र चढवू नका, ओल आतच कोंडते.

मुंबईच्या पावसात दोरीवरचा लंगोट हाताला सुकल्यासारखा लागतो आणि नाकाला कुबट. तो वापरायचा नाही. कमी साबणात धुवा, साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा, पंख्याखाली एकेक सुटा वाळवा आणि शेवटी गरम इस्त्री फिरवा. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय बऱ्याच घरांत असते. त्याचा अंश कापडात राहतो आणि ओल लागली की कातडी भाजतो. सुगंधी फॅब्रिक कंडिशनरही नको. सुगंध आणि अल्कोहोल असलेले वाइप्स रॅश असेपर्यंत पूर्ण बंद, घरात कापूस आणि कोमट पाणीच.

प्रश्न: लंगोटावर विटकरी डाग आहे. रक्त का? बाळ ३ दिवसांचं. (परळ)

उत्तर: बहुधा रक्त नाही, शूमधल्या युरेट नावाच्या क्षाराचे कण. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसले तर दूध पुरतंय का ते तपासून घ्या.

प्रश्न: बाळ अपुऱ्या दिवसांचं, आता तीन महिन्यांचं. बुडावरचा रॅश दीड महिना आहे. आता तोंडाभोवती आणि बोटांवरही तसेच चट्टे आलेत, केसही विरळ झालेत. तीन क्रीम झाली. (गोवंडी)

उत्तर: चौथं नको. तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांवर एकाच वेळी चट्टे म्हणजे शरीरात जस्त (झिंक) कमी पडत असल्याची शंका घ्यायला हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याचा साठाच कमी असतो, काही आयांच्या दुधात ते कमी उतरतं आणि क्वचित बाळाला ते शोषण्याचा जन्मजात दोष असतो. रक्त तपासून तोंडावाटे जस्त दिलं की सुधारणा सहसा काही दिवसांतच दिसते. डोस वजनावर ठरतो, म्हणून दुकानातलं सिरप स्वतः सुरू करू नका, अंगावरचं दूधही बंद करू नका. परळचं वाडिया, केईएम, शीवचं रुग्णालय यांत मुलांचे विभाग आहेत. सकाळी केसपेपर काढा. चट्टे तपकिरी, खपलीचे किंवा रक्ताळ ठिपक्यांचे असतील आणि टाळूवरही असतील तर तेही आवर्जून दाखवा. एका दुर्मीळ पण गंभीर आजारात तसं दिसतं आणि त्याचं निदान कातडीचा तुकडा तपासूनच होतं.

प्रश्न: बाळ १२ दिवसांचं. रॅशमध्ये पिवळ्या पाण्याचे फोड आलेत, एक फुटला. सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाहीत, म्हणून घरीच हळद लावतोय. फोनवर औषध सांगाल का? (घाटकोपर)

उत्तर: नाही सांगणार. आजच न्या. या वयात पुवाचे किंवा पातळ पडद्याचे फोड म्हणजे जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि नवजात बाळात तो कातडीवरून रक्तात जायला वेळ लागत नाही. सव्वा महिन्याचा रिवाज बाळाला जपण्यासाठीच आहे ना? मग रिक्षा बोलवा, बाळाला दुपट्यात गुंडाळा आणि निघा. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, हातपाय गार लागत असतील, बाळ दूध ओढत नसेल, नाळेभोवती लाली पसरली असेल किंवा कातडी सालपटासारखी सुटत असेल, तर ओपीडीची वेळ पाहू नका, थेट तातडीच्या विभागात जा. हळद धुऊ नका, खरवडू नका, फोड फोडू नका. काय लावलं आणि किती दिवस लावलं हे कागदावर लिहून सोबत न्या.