घरात घुसखोर शिरण्याचे कमी बजेटचे थ्रिलर लोकांना इतके का आवडतात?

कारण भीती ओळखीच्या जागेत शिरते. भुताचा वाडा परका वाटतो. दाराची कडी, स्वयंपाकघराची काच मात्र सगळ्यांच्याच घरी असते. २०१६ चा ‘हश’ बघा. एकाकी घर, ऐकू-बोलू न शकणारी लेखिका, बाहेर मारेकरी. शेजारीण जिवाच्या आकांताने काचेवर हात आपटते आणि आत ही ओट्याशी शांतपणे आवरत असते! आपल्याला सगळं दिसतं, करता काहीच येत नाही. तिथे जीव खालीवर होतो.

पैसा कमी म्हणजे घर एक, पात्रं मोजकी. मग दिग्दर्शकाला आवाज, अंधार आणि अभिनयावरच भिस्त ठेवावी लागते. माझ्या मते हेच या प्रकाराचं खरं बळ. हिंदीत पाहायचा असेल तर उर्मिला मातोंडकरचा ‘कौन’ (१९९९) जरूर बघा, तीनच पात्रं आहेत.