खोक्यावरचे आकडे आणि वाटीतली न्याहारी

शाळा सुरू होऊन महिना उलटला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत डब्याचे आणि सकाळच्या खाण्याचे प्रश्न वाढू लागतात. या खेपेस रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. खोक्यात मिळणारी, दूध ओतले की लगेच खाता येणारी आणि वरून जीवनसत्त्वे, लोह वगैरे घातलेली धान्याची न्याहारी, हा तो विषय. म्हणून या अंकातील सदर त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या नणंदेने त्याच्यासाठी चॉकलेटच्या चवीच्या न्याहारीचे खोके आणले आणि तेव्हापासून तो सकाळी घावणे किंवा भाकरी खायला तयार होत नाही. मोठी वाटी भरून हेच खातो. खोक्यावर दहा जीवनसत्त्वे व लोह असल्याचे ठळक अक्षरांत लिहिले आहे. सासूबाईंच्या मते घरच्या घावण्यांपुढे हे सारे फुकट आहे. मागचा तक्ता उतरवून पाठवीत आहे. १०० ग्रॅममागे ऊर्जा ३८५ किलोकॅलरी, प्रथिने ६ ग्रॅम, कर्बोदके ८६ ग्रॅम, त्यांपैकी वरून घातलेली साखर ३० ग्रॅम, तंतू ४ ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम, लोह १५ मिलिग्रॅम. आमच्या दोघींत कोणाचे बरोबर?
— एक माता, राजापूर

उत्तर : आपण तक्ताच उतरवून पाठवलात, त्यामुळे अंदाजाने बोलण्याची वेळ आमच्यावर आली नाही. हा तक्ता वाचताना प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न विचारावा : हे धान्यातून आले, कारखान्यात वरून घातले गेले, की आपण ओतलेल्या दुधातून येणार आहे?

अशी न्याहारी बहुधा मका, गहू किंवा तांदूळ यांपासून करतात. साध्या कॉर्नफ्लेक्ससाठी मक्याचे साल आणि अंकुर काढून टाकतात आणि उरलेला पिठूळ गाभा साखर, मीठ व माल्ट (मोड आणलेल्या जवाचा गोडसर अर्क) घालून शिजवतात. मग तो वाळवून रुळांखाली चपटा करतात आणि कडक आचेवर भाजतात. चॉकलेटच्या गोळ्या किंवा शंख यांसाठी पिठाचा लगदा दाबाखाली साच्यातून काढून फुलवतात. तंतू, चांगले स्निग्ध पदार्थ आणि ब गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा साल व अंकुरात असतो आणि तो इथे पहिल्याच पायरीवर निघून जातो. त्यानंतरच्या आचेत उरलेल्यापैकीही काही जातो. लोहासारखी खनिजे आच सोसतात, म्हणून ती पिठातच मिसळतात. उष्णतेने नासणारी जीवनसत्त्वे मात्र भाजणी झाल्यावर द्रावणाच्या रूपात वरून फवारतात. खोक्यावरची दहा जीवनसत्त्वे खरीच असतात, परंतु त्यांच्यामुळे मूळ धान्य सकस ठरत नाही.

आता आपले आकडे पाहू. खोक्यावर एका वेळचे माप बहुधा ३० ग्रॅम धरलेले असते. घरच्या वजनकाट्यावर एकदा ३० ग्रॅम मोजून पाहावे. वाटीचा तळ झाकण्यापलीकडे ते फारसे जात नाही. एवढ्यात आपल्या तक्त्यानुसार सुमारे ११५ किलोकॅलरी, जेमतेम पावणेदोन ग्रॅम प्रथिने, सव्वा ग्रॅमच्या आसपास तंतू, ९ ग्रॅम साखर आणि साडेचार मिलिग्रॅम लोह येते. मुलगा मोठी वाटी भरून खातो असे आपण लिहिता, म्हणजे ६० ग्रॅम तरी होत असावेत. मग साखर १८ ग्रॅम झाली, चहाच्या चमच्याने साडेतीन ते चार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्याही आत. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी लागतात, असे धरले तर ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. शाळेची घंटा होण्यापूर्वीच त्यातले १८ संपले.

प्रथिनांबाबत एक बारकावा सांगतो. पुष्कळ खोक्यांवर 'दुधासह' असा वेगळा रकाना असतो आणि त्यातली प्रथिने व कॅल्शियम एकदम वाढलेली दिसतात. दीडशे मिलिलिटर दुधात जवळपास ५ ग्रॅम प्रथिने आणि पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ते श्रेय दुधाचे. हेच दूध आपण मुलाला भाकरीबरोबर दिलेत तरी ते तेवढेच मिळणार आहे.

लोहाचा आकडा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत सात ते नऊ वर्षांच्या मुलांना रोज १५ मिलिग्रॅम, प्रौढ पुरुषाला १९ आणि प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेता साडेचार मिलिग्रॅमलाही किंमत आहे. मात्र पोटात गेलेल्या अशा लोहातला थोडाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो. दुधातील कॅल्शियम आणि चहातील टॅनिन त्याला अडवतात, तर क जीवनसत्त्व त्याला हात देते. म्हणून मुलगा न्याहारीबरोबर कपभर चहा घेत असेल तर तो आधी बंद करावा. पावसाळ्यात पेरूची फोड आणि उन्हाळ्यात काजूचे बोंड त्याच्या हाती द्यावे. बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते आणि आपल्याकडे बी काढून घेतल्यावर ती ढिगाने बागेत कुजत पडतात, हे पाहून दरवर्षी हळहळ वाटते.

आता सासूबाईंकडे वळू. त्यांची बाजू घ्यावी असे मनात असूनही ती पूर्णपणे घेता येत नाही. घावणे जर सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून टाकलेल्या, पांढऱ्या तांदळाच्या पिठाचे असेल, तर त्यातही मुख्यतः पिष्टच असते. अशा तांदळात १०० ग्रॅममागे लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. त्यावर गूळ घातलेला नारळाचा रस वाटीभर घेतला, तर साखरेचा हिशेब खोक्याच्या बरोबरीने मांडावा लागेल. पेज उकड्या तांदळाची असेल तर गोष्ट वेगळी. भात सालासकट उकडून मग वाळवून सडला, की सालाजवळचे ब१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि सडताना सगळे निघून जात नाही. उकडा तांदूळ खाणाऱ्यांमध्ये बेरीबेरी, म्हणजे ब१ च्या अभावाने होणारी व्याधी, क्वचितच आढळते, ती याच कारणाने.

खोक्याला खरी टक्कर देते ती नाचणी. न चाळलेल्या ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम, सहा ग्रॅमच्या वर तंतू आणि पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, आणि साखर जवळजवळ नसतेच. नाचणीत मुळातच असलेले फायटेट नावाचे द्रव्य हे कॅल्शियम व लोह काही प्रमाणात धरून ठेवते, परंतु मोड आणून केलेले पीठ किंवा रात्रभर आंबवलेली आंबील यांत ते कमी होते. दडप्या पोह्यांचीही बाजू आम्ही उत्साहाने मांडली असती, पण तिथे थोडे सांभाळून लिहावे लागते. जुन्या आहारतक्त्यांत पोह्यांचे लोह १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅम छापलेले असे आणि ते अजून सर्वत्र उद्धृत होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ते साडेचारच्या आसपास आहे. दडप्या पोह्यांवर लिंबू पिळायचे असते, ही त्यांची जमेची बाजू.

तेव्हा खोके घरातून हद्दपार करण्याचे कारण नाही. आठवड्यातून दोन दिवस, ३० ग्रॅम मोजून, त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा केळ्याचे काप घालून ते द्यावे. पुढचे खोके आणताना साखर १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आत आणि तंतू ६ ग्रॅमच्या वर असलेले शोधावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल, किंवा ग्लुकोज सिरप, मध, माल्ट अशा निरनिराळ्या नावांनी चार ठिकाणी विखुरलेली असेल, तर त्या खोक्याला मिठाईच्या फळीवर जागा द्यावी.

प्रश्न : माझ्या नातवाने मोबाइलवर पाहून न्याहारीचा चुरा पाण्यात कालवला आणि त्यात लोहचुंबक फिरवला, तर त्याला काळी भुकटी चिकटली. लोखंडाचा कीस आपल्या मुलांना खाऊ घालतात काय?
— एक आजोबा, देवगड

उत्तर : नातवाने केलेला प्रयोग बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. अन्नात लोह घालण्यासाठी काही ठिकाणी फेरस सल्फेट किंवा फेरस फ्युमरेट यांसारखे क्षार वापरतात, तर काही ठिकाणी अतिशय बारीक केलेले शुद्ध धातुरूप लोह. क्षारांमुळे पदार्थाचा रंग बदलतो आणि त्यातील स्निग्ध अंश लवकर खवट होतो. धातुरूप लोह महिनोन्महिने निमूट राहते, म्हणून जास्त दिवस टिकवायच्या न्याहारीत ते सोयीचे पडते. चुंबकाला चिकटते ते हेच. जठरातील आम्लात ते विरघळते आणि मग आतड्यात शोषले जाते, मात्र फेरस सल्फेटच्या तुलनेत कमी. ३० ग्रॅम न्याहारीतील साडेचार मिलिग्रॅम लोह तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढेही भरत नाही. आपल्या घरी बिडाच्या तव्यावर आंबोळ्या होत असतील, तर आंबलेल्या पिठात त्या तव्याचे थोडे लोह पिढ्यान्पिढ्या उतरत आले आहे आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात आणि धुताना पाण्यावर तरंगतात. आमच्या वाडीत ते प्लास्टिकचे समजून निवडून फेकतात. न्याहारीच्या खोक्यातला प्रकार हाच आहे का?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : प्रकार तोच, आणि फेकले जाते तेच नेमके किमतीचे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केल्यानंतर स्वस्त धान्य दुकानांतून गुणसंवर्धित तांदूळ टप्प्याटप्प्याने देण्यात आला. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ मिसळून, ते साच्यातून काढून दाण्याच्या आकाराचे केलेले कण साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. ते घडवलेले दाणे असल्यामुळे रंगाने किंचित निराळे असतात आणि काही तरंगतात. नियमानुसार अशा तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे लागते. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ पोटात जाणाऱ्या माणसाला त्यातून साडेपाच ते साडेआठ मिलिग्रॅम लोह मिळते, म्हणजे राजापूरच्या पत्रातील ३० ग्रॅम न्याहारीपेक्षा अधिक, आणि तेही साखरेवाचून. हा तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि भात वेळून पाणी टाकून देऊ नये. त्याची पेज करून मीठ घालून प्यावी.

प्रश्न : माझी बहीण तीन महिन्यांची गरोदर आहे. सकाळी तिला खोक्यातील न्याहारीच तेवढी रुचते. त्यात लोह व फॉलिक आम्ल असल्यामुळे आरोग्य केंद्राच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?
— एक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : चालणार नाहीत. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. राजापूरच्या पत्रातील ३० ग्रॅम न्याहारीतले लोह त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत भरते. न्याहारी रुचत असेल तर ती अवश्य खावी, गोळी मात्र दूध व चहापासून दोन तास दूर ठेवून घ्यावी. न्याहारीत अ जीवनसत्त्वही घातलेले असते. गरोदरपणी त्याचे रेटिनॉल हे रूप फार झालेले बरे नाही, म्हणून दुकानातून आणखी एखादी बहुजीवनसत्त्वाची गोळी स्वतःच्या मनाने आणून त्यात भर घालू नये. घरात कोणाला थॅलॅसेमिया किंवा सिकलसेल असल्यास लोह घातलेल्या कोणत्याही पदार्थाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : आमच्याकडे पावसात खोके फोडल्यावर आठवड्यात न्याहारी सादळते. ती तव्यावर पुन्हा भाजली तर जीवनसत्त्वे राहतात का? शिवाय धाकटी मुलगी दाणे वेचून खाते आणि दूध तसेच ठेवते.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पुन्हा भाजल्याने कुरकुरीतपणा परत येतो आणि लोहाला धक्का लागत नाही, परंतु क, ब१ आणि फॉलिक आम्ल यांचा आणखी काही भाग आचेत जातो. उन्हात वाळवणे त्याहून वाईट, कारण ब२ आणि अ जीवनसत्त्वांना उजेड सोसत नाही. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात मोठे खोके स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. लहान पाकीट घ्यावे, आतली पिशवी घडी घालून चिमट्याने बंद करावी आणि ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. खवट वास आला तर भाजून उपयोग नाही, टाकून द्यावी. मुलीने ठेवलेल्या दुधाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे दाण्यांच्या पृष्ठभागावर फवारलेली असतात, त्यामुळे ती सर्वांत आधी त्या दुधात उतरतात. तिला दूध आधी थोडेच ओतून द्यावे आणि वाटी तोंडाला लावून संपवू द्यावी, पाहुण्यांसमोर ते बरे दिसत नसले तरी.