बारच्या वेगावरून थकवा ओळखता येतो का?

तुम्ही विचारलंय की काही दिवस नेहमीचंच वजन डोंगराएवढं वाटतं, तेव्हा तो खरा थकवा की नुसता कंटाळा, हे बार (वजनं लावलेली लोखंडी दांडी) किती वेगानं वर जातो त्यावरून कळतं का? आणि त्यासाठी वेग मोजणारं महागडं यंत्र घ्यावं का?

कळतं. यंत्र मात्र मी अजून घेतलेलं नाही.

माझी नोकरी पाळ्यांची, त्यामुळे झोपेचं गणित कायम बिघडलेलं. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठण्यात, माझं एका रेपचं (एका उठबशीचं) कमाल वजन 130 किलो. वॉर्मअपचा शेवटचा सेट (सलग मारलेले रेप) दर वेळी 90 किलोचाच करतो. फोन बाजूला पाण्याच्या बाटलीला टेकवून सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनवर लावतो (जिममधल्या पोरांना वाटतं काका रील काढतायत). बार तळातून सुटल्यापासून गुडघे सरळ होईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या, बस. ताज्या दिवशी पहिल्या रेपला 190 च्या आसपास येतात. माझे पाय काही रोज लांब-आखूड होत नाहीत, अंतर तेच राहतं, म्हणून मीटर-सेकंदांच्या भानगडीत पडायची गरज नाही. आठ-दहा फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर सोडून देतो.

एकदा रात्रपाळी करून थेट जिमला गेलो. दोन कप चहा झालेला, अंग एकदम हलकं वाटत होतं. मोजल्या तर फ्रेम 225, म्हणजे वेग 15 टक्के खाली. ‘काहीतरी चुकलं असेल मोजताना’ म्हणत 115 चढवले. तिसऱ्या रेपला तळातच अडकलो आणि बार रॅकच्या आडव्या दांड्यांवर आदळला. तेव्हापासून 210 च्या वर गेलं की त्या दिवशी वजन कमी करतो, वाद घालत नाही.

यात एक अट मात्र सक्तीची: वर येताना प्रत्येक रेप जीव खाऊन मारायचा, वजन हलकं असलं तरी. रमतगमत उठलात तर आकडा थकव्याचा नाही, मूडचा येतो. खोलीही रोज तेवढीच हवी. थकल्यावर आपण नकळत अर्ध्यातूनच उठतो आणि फ्रेम फसव्या कमी दिसतात.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. स्पेनमधल्या गोन्झालेस-बादियो आणि सांचेस-मेदिना यांनी 2010 मध्ये बेंच प्रेसवर (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) दाखवलं की कमाल वजनाच्या अमुक टक्क्यांना वेग साधारण ठरलेला असतो, आणि माणसाची ताकद वाढली तरी तो फारसा हलत नाही. कमाल वजनाला बार सेकंदाला जेमतेम 0.16 मीटर सरकतो. म्हणून ओळखीच्या वजनाचा वेग घसरला, की त्या दिवसापुरतं तुमचं कमाल वजनच खाली आलंय असं समजायचं.

सेट कुठे थांबवायचा तेही यावरून ठरवता येतं. पारेहा-ब्लांको आणि सहकाऱ्यांनी एका गटाला वेग 20 टक्के घसरला की थांबवलं, दुसऱ्याला 40 टक्क्यांपर्यंत ताणलं. 8 आठवड्यांनी स्क्वॉटची ताकद दोघांची सारखीच वाढली, आणि पहिल्या गटानं रेप बरेच कमी मारले होते. उडी पहिल्यांचीच जास्त सुधारली, मांड्या मात्र दुसऱ्यांच्या जास्त भरल्या. तुम्हाला साइझ हवा असेल तर मग थोडं ताणाच. हिशोबात एक गंमत आहे: वेग 20 टक्के कमी म्हणजे वेळ 25 टक्के जास्त. माझ्या 190 च्या 238 झाल्या की सेट बंद. सेट चालू असताना फ्रेम मोजता येत नाहीत हे उघड आहे, पण महिनाभर व्हिडिओ पाहिले की ती मंदावलेली रेप अंगालाच कळायला लागते.

डेडलिफ्टला, म्हणजे बार जमिनीवरून उचलून उभं राहण्याला, मी हे वापरत नाही. जमिनीवरून सुटताना बार इतका कुंथतो की नेमका कुठून मोजायचा तेच दर वेळी बदलतं. यंत्र घ्यायचंच असेल तर बारला दोरी बांधून मोजणारं घ्या, पण आधी महिनाभर फोनवर करून बघा. मोजायचा कंटाळा आला तर यंत्रही धूळच खाईल.