गोष्ट वाचलीस, पण त्यातून शिकलास काय?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे इतके पालक घेऊन येतात की एकदा नीट लिहायचंच होतं. मूल सारखं जादू, ड्रॅगन, अदृश्य होणारे अंगरखे, समुद्राखालची राज्यं असलं वाचत असतं, आईबाबांना वाटतं की यात बोध काय आहे, संस्कार काय आहेत, नुसता टाइमपास चाललाय. खालची केस नाशिकच्या एका कुटुंबाची आहे, त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. फोन आईने केला होता. म्हणाली, मॅडम, आधी हा पुस्तकाचा किडा होता, आता पुस्तक हातात घ्यायला सांगितलं तरी नको म्हणतो आणि रात्री पांघरुणात टॉर्च लावून लपून वाचतो, मग लपवायचं कशाला? पहिल्या भेटीला दोघंही आले, बाबा बँकेत आहेत, अतिशय मनापासून मुलाकडे लक्ष देणारे, हे मुद्दाम सांगतेय कारण असे बाबा खूप कमी बघायला मिळतात. त्यांनी मुलासाठी एक वही केली होती, पुस्तकाचं नाव, लेखक, वाचून झाल्याची तारीख आणि शेवटचा रकाना 'मी काय शिकलो'. तो रकाना भरल्याशिवाय लायब्ररीतलं पुढचं पुस्तक मिळायचं नाही.

ती वही मी मागवून घेतली आणि शांतपणे वाचली. सुरुवातीच्या पानांवर मुलाने भरभरून लिहिलं होतं, त्यात तो राक्षस झोपेत घोरतो तेव्हा दगड उडतात हे मला खूप आवडलं असलं काय काय होतं, आणि त्याखाली बाबांनी पेनाने लिहिलं होतं, "हे शिकणं नव्हे. बोध लिही." पुढे पुढे रकाना एकदम सुबक होत गेलेला. नेहमी खरं बोलावं. एकीचे बळ मोठे. मित्राला संकटात मदत करावी. मग परत नेहमी खरं बोलावं. पुस्तकं वेगळी, वाक्यं तीच. मी मुलाला विचारलं, या पुस्तकात खरं बोलण्याचं कुठे आहे रे? तो म्हणाला, नाहीये, पण ते चालतं.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाला कळलंय की मोठ्यांना काय ऐकायचंय ते दिलं की आपली सुटका होते, आणि जे खरंच आवडलं ते बोलायचं नाही, ते पांघरुणात. म्हणजे ज्या रकान्यातून खरेपणा शिकवायचा होता तिथेच तो खोटं लिहायला शिकला. यात बाबांचा हेतू वाईट अजिबात नव्हता, आपल्या सगळ्यांचीच शाळा तशी झालीय, दिलेल्या मुद्द्यांवरून कथा लिहा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. तात्पर्य नसेल तर मार्क जातात, त्यामुळे तात्पर्य नसलेली गोष्ट अर्धवट आहे असं आपल्या मनात बसून गेलंय.

बाबांचा मुद्दा असा होता की या बाहेरच्या गोष्टींना बोध नसतो, आपल्याकडे गोष्ट म्हटली की नीती आलीच. पंचतंत्राबद्दल हे खरंय, ते राजपुत्रांना शहाणं करायलाच रचलंय, गोष्टीगोष्टीत नीतीचे श्लोक आहेत. पण त्याच परंपरेत कथासरित्सागर पण आहे ना! अकराव्या शतकात काश्मीरात सोमदेवाने राणी सूर्यमतीचं मन रमावं म्हणून तो लिहिला, १८ लंबक म्हणजे मोठे भाग, १२४ तरंग म्हणजे प्रकरणं, आणि त्यात जे साहस आणि जादू आहे ते आजच्या कुठल्याही फँटसीच्या तोडीचं आहे. मी त्यांना शक्तिदेवाची गोष्ट सांगितली. राजकन्या म्हणते, ज्याने कनकपुरी पाहिलीय त्याच्याशीच लग्न करीन. शक्तिदेव जुगारात सगळं हरलेला, तो सरळ खोटं बोलतो की मी पाहिलीय, पकडला जातो, हाकलून देतात. मग खरंच शोधायला निघतो. जहाज फुटतं, मासा गिळतो, त्यातून वाचतो, पुढे समुद्रात प्रचंड भोवरा आणि त्याच्यावर एक वडाचं झाड, तो फांदीला लटकतो, रात्री झाडावर महाकाय पक्षी येतात, त्यातल्या एकाच्या पाठीवर पिसांत लपून तो कनकपुरीला पोचतो! आणि शेवटी हाच माणूस विद्याधरांचा, म्हणजे जादूच्या विद्या येणाऱ्या दिव्य लोकांचा, राजा होतो. बाबा म्हणाले, मग खोटं बोलल्याची शिक्षा? मी म्हटलं, हाकललं तेवढीच. आता याचं तात्पर्य तुम्ही रकान्यात काय लिहाल?

ते काही बोलले नाहीत. मग मी विचारलं, तुम्ही लहानपणी काय वाचायचात? चांदोबा! चेहराच बदलला त्यांचा. विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय, हातात तलवार, ते चित्र त्यांनी मला हातवारे करून दाखवलं. त्या गोष्टींमधून काय शिकलात विचारल्यावर त्यांना एकही बोध आठवेना, चित्र मात्र स्पष्ट, आणि दर वेळी प्रेत परत झाडावर जायचं तेव्हा वाटायची ती हुरहुर पण. त्यात अजून एक गंमत आहे बघा, वेताळ बोध सांगत नाही, तो प्रश्न टाकतो. उत्तर राजाला स्वतःला द्यावं लागतं आणि वाचणारं पोर पण मनात आपलं उत्तर ठरवत बसतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीन यांना पण लोक सारखं विचारायचे की हे महायुद्धाचं रूपक आहे का, आतला संदेश काय आहे. त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत साफ लिहिलं की असा कुठला संदेश मी घातलेला नाही, लेखकाने अर्थ लादणं वेगळं आणि वाचणाऱ्याने स्वतःच्या आयुष्याला गोष्ट लावून बघणं वेगळं, आणि हे दुसरं वाचणाऱ्याच्या हातात आहे. समुपदेशनाच्या खोलीत मला हेच रोज दिसतं.

मुलाबरोबर मी काय केलं, तर त्याची स्वतःची गोष्ट सांगायला लावली. नकाशा काढून, दर भेटीला थोडी थोडी. रामकुंडाच्या तळाशी एक दार आहे, ते पाणी ओसरलं की दिसतं, आत पाण्याची माणसं राहतात. तीन शेपट्यांचा सरडा आहे, तो फक्त खारी बिस्किटं खातो. आणि नायकाचा एक जोडीदार आहे जो मागे गुहेत राहिलाय, त्याच्यासाठी परत जायचंय पण दार कधी उघडेल माहीत नाही. दोनेक वर्षांपूर्वी बाबांच्या बदलीमुळे हे कुटुंब जळगावहून इथे आलं, त्याचा जिवलग मित्र तिकडे राहिला, हे आईने आधीच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं का, की हा तुझा मित्र आहे? नाही म्हटलं. अजिबात नाही. ते बोलले असते तर त्याने नकाशा मिटून ठेवला असता. मी एवढंच विचारलं, गुहेतल्या मुलाकडे खायला आहे का? त्याने बराच विचार करून गुहेत एक झरा काढला आणि सरड्याला खारी घेऊन तिकडे पाठवलं. त्या आठवड्यात घरी त्याने आपणहून विचारलं, जळगावला फोन लावून देशील का.

आता यावरून कुणी म्हणेल की बघा, आत खोल अर्थ होताच. होता, त्या एका जागी होता. पण तीन शेपट्यांच्या सरड्याला काही अर्थ नाहीये, तो मजेचा आहे आणि मजेचं असणं पुरेसं आहे. प्रत्येक गोष्ट खणून बघायची गरज नसते. मुलांना कळतं की कोणी आपल्या गोष्टीत शिरलंय खेळायला आणि कोणी झडती घ्यायला.

काळजी कधी करायची, हे पण सांगते. झोप सतत बिघडतेय, खाणं सुटलंय, मित्र नकोत, शाळेला जायचं म्हटलं की पोटात दुखतं आणि पुस्तक हा एकच आसरा उरलाय, तर बघायला हवं, पण तेव्हा पण पुस्तक काढून घेऊ नका, तो कशापासून पळतोय ते बघा. आणि तात्पर्य नको म्हणजे काहीही वाचू दे असं मी म्हणत नाहीये. गोष्टीत दुष्ट माणसं सगळी काळी, कुरूप किंवा लंगडीच दाखवली असतील, दुबळ्याचा छळ मजेचा म्हणून रंगवला असेल तर तिथे थांबून बोलाच, तुला हे पटलं का असं विचारा. हे बोलणं शेवटी चिकटवलेल्या सुविचारापेक्षा कितीतरी कामाचं आहे.

वहीतला शेवटचा रकाना बाबांनी काढून टाकला नाही, नाव बदललं. आता तिथे 'मला काय दिसलं' आहे. 'काय शिकलास'च्या जागी 'मग पुढे काय झालं', 'तू असतास तर दार उघडलं असतंस का' असं विचारायचं ठरलं, सुरुवातीला त्यांना जड गेलं, मग जमलं. शक्तिदेवाची गोष्ट त्यांनी घरी रात्री मोठ्याने सांगितली आणि मुलगा भांडायला लागला की खोटं बोलणाऱ्याला राजा कसं केलं, हे चूक आहे, बाबा म्हणाले त्याने नंतर कष्ट किती केले, मुलगा म्हणाला मग राजकन्येची सॉरी म्हणून माफी मागायला पाहिजे होती आधी. आईने सांगितलं की झोपायला अकरा वाजले. वहीत नेहमी खरं बोलावं इतक्यांदा लिहून खरेपणावर जेवढा विचार झाला नव्हता तेवढा त्या रात्री झाला.

शेवटच्या भेटीत आईचा एक प्रश्न होता, परीक्षेत कथेला तात्पर्य लिहायचं की नाही? लिहायचं की! तिथे त्याचे मार्क आहेत, एक ओळ लिहायची आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. रामकुंडाखालच्या गोष्टीला मात्र तो कुणी काही जोडू देत नाही, तिचा चौथा भाग सुरू झालाय.